संघनामांची साक्ष : यूरोपीय हँडबॉल-विजेतेपदाच्या यादीचा नामशास्त्रीय विचार

विशेषनामाला अर्थ असतो, की ते केवळ वस्तूकडे बोट दाखविते, हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात दुसरा पक्ष स्वीकारला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ डार्टमथ या गावाचे उदाहरण दिले. डार्ट नदीच्या मुखाशी वसल्यामुळे त्या गावाला ते नाव पडले हे खरे; परंतु उद्या नदीचे मुख वाळूने बुजले किंवा पात्र दूर सरकले, म्हणून गावाचे नाव बदलावयास हवे असे नाही. नाव पडण्याचे निमित्त वेगळे आणि नावाने होणारा निर्देश वेगळा, असा मिलचा अभिप्राय आहे. ग्रामनामांच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो. परंतु जी नामे विकत घेता येतात, काढून घेता येतात, किंवा ज्यांवर न्यायालयात जाऊन हक्क सांगता येतो, त्यांच्या बाबतीत काय घडते? या प्रश्नाच्या विचाराला उपयुक्त अशी एक सामग्री क्रीडाविषयक नोंदींमध्ये पडून आहे. यूरोपातील पुरुषांच्या हँडबॉल-संघांमध्ये दरवर्षी होणाऱ्या विजेतेपदाच्या स्पर्धेची यादी ही ती सामग्री होय. या यादीत सैन्ये आहेत, पोलीस आहेत, तालमी आहेत, मद्याचे कारखाने आहेत, आणि क्वचित एखादे निव्वळ गावही आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा छपराखालील मैदानावर प्रत्येकी सात खेळाडूंचे दोन संघ चेंडू हाताने खेळवितात आणि प्रतिपक्षाच्या गोलात फेकतात. गोलासमोर सहा मीटरांच्या रेषेच्या आत गोलरक्षकावाचून कोणास पाय ठेवता येत नाही. सामना प्रत्येकी तीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो. खेळाची मुळे एकाहून अधिक ठिकाणी सापडतात. डेन्मार्कमध्ये होल्गर नील्सन या शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी बसविलेल्या खेळाचे नियम १९०६ मध्ये छापले गेले. बर्लिनमध्ये माक्स हायझर याने १९१७ मध्ये आणि त्यानंतर लवकरच कार्ल शेलेन्त्स याने नियम सिद्ध केले. जर्मन खेळ मोकळ्या मैदानावरचा आणि अकरा-अकरा जणांचा होता, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तोच खेळला गेला. सात जणांचा, छपराखालचा प्रकार उत्तरेकडील थंडीत वाढला आणि त्याने पुढे पहिल्याला जवळजवळ नामशेष केले.

या खेळाचे नाव निरनिराळ्या भाषांनी कसे घेतले हेही पाहण्याजोगे आहे. जर्मन, डॅनिश, स्वीडिश यांच्याकडे ‘हात’ आणि ‘चेंडू’ या दोन शब्दांचा सरळ समास आहे. हंगेरियनने त्याचा शब्दशः अनुवाद करून ‘केझिलाब्दा’ असा, आणि स्पॅनिशने पदांचा क्रम उलटवून ‘बालोनमानो’ असा शब्द सिद्ध केला. दक्षिण स्लाव भाषांनी मात्र चेंडू वगळून क्रिया घेतली : सर्ब आणि क्रोएट भाषकांचा ‘रुकोमेट’ म्हणजे ‘हातफेक’. चेकमध्ये तर हातही नाही. ‘हाझेना’ या शब्दात उरली आहे ती केवळ फेक. सर्वांत विलक्षण शब्द पोलिश भाषेतील होय. तेथे ‘पिवका रेंच्ना’ या रीतसर नावाच्या जोडीला ‘श्चिप्योर्न्याक’ असाही एक शब्द आहे. कालिश शहराजवळच्या श्चिप्योर्नो येथे १९१७ मध्ये जर्मनांनी स्थानबद्ध केलेले पोलिश सैनिक वेळ घालविण्यासाठी हा खेळ खेळत. त्या छावणीच्या गावाचे नाव खेळाला चिकटले. मराठीने ‘हँडबॉल’ हा शब्द जसाच्या तसा उचलला. क्रिकेटला एके काळी ‘चेंडूफळी’ म्हणत. तसा घरचा शब्द हँडबॉलच्या संदर्भात रूढ झाला नाही.

स्पर्धेची सुरुवात १९५६–५७ च्या हंगामात झाली. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघ त्यापूर्वी दहा वर्षे, १९४६ मध्ये, कोपनहेगन येथे स्थापन झालेला होता. पहिल्या अंतिम सामन्यात प्रागच्या संघाने स्वीडनच्या ओरेब्रो संघाचा पराभव केला. या पहिल्या विजेत्याची नोंद काही याद्यांत नुसती ‘प्राग’ अशी, तर काहींत ‘दुक्ला प्राग’ अशी आढळते. शहर जिंकले, की सैन्याचा क्लब जिंकला? यादीची पहिली ओळच अशी द्व्यर्थी आहे, आणि पुढे ज्या प्रश्नाचा ऊहापोह करावयाचा तो तिच्यातच दडलेला आहे.

आरंभीच्या वर्षांत स्पर्धा अखंड चालली नाही. विश्वस्पर्धेमुळे १९५८, १९६१ आणि १९६४ ही वर्षे मोकळी गेली. अंतिम सामना बहुधा तटस्थ ठिकाणी एकच होई. १९८१ पासून २००९ पर्यंत तो दोन्ही संघांच्या गावी एकेक असा दुहेरी खेळला गेला. मध्यंतरी १९९१ मध्ये बर्लिन येथे यूरोपीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला, व्हिएन्ना हे त्याचे केंद्र झाले, आणि १९९३–९४ पासून त्याच्या आधिपत्याखाली स्पर्धेला ‘चँपियन्स लीग’ हे नाव मिळाले. २०१० पासून शेवटचे चार संघ कोलोन येथील सुमारे वीस हजार प्रेक्षकांच्या बंदिस्त क्रीडागृहात एकाच शनिवार-रविवारी उपांत्य व अंतिम सामने खेळतात. २०२० पासून सोळा संघांचे दोन गट असतात; प्रत्येक गटातील पहिले दोन सरळ उपांत्यपूर्व फेरीत जातात, आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकांच्या संघांना तेथे पोहोचण्यासाठी आणखी एक फेरी खेळावी लागते.

आता नामांकडे वळावयाचे. यादीतील जर्मन नामांचा सर्वांत जुना थर व्यायामसंस्थांचा आहे. फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहायडे भागात उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले आणि ‘टुर्नेन’ या क्रियापदाला कसरतीचा अर्थ देऊन ते रूढ केले. त्यातून गावोगावी ‘टुर्नफेराइन’, म्हणजे व्यायामसंघ, निघाले. बहुतेक खेळ या संस्थांच्या पोटी नंतर जन्मले, पण नाव जुनेच राहिले. १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळविणारा ग्रोसवालश्टाट हा माइन नदीकाठच्या सुमारे चार हजार वस्तीच्या गावाचा संघ. त्याच्या नावापुढील ‘टे-फाउ’ ही अक्षरे टुर्नफेराइनची होत. पाच वेळा, म्हणजे १९६७, १९७०, १९७१, १९७४ आणि १९८३ मध्ये, जिंकणाऱ्या गुमर्सबाखच्या मागील ‘फाउ-एफ-एल’ म्हणजे ‘शरीरव्यायामार्थ संघ’. कीलच्या संघाची ‘टे-हा-वे’ ही अक्षरे हासे आणि विंटरबेक या कीलच्या दोन वस्त्यांचा टुर्नफेराइन एवढेच सांगतात. हँडबॉलचा उल्लेख या तिन्हींपैकी एकाही नावात नाही. १९६० आणि १९६२ चा विजेता ग्योपिंगेनचा ‘फ्रिश आउफ’. त्याचे नाव तर नामही नव्हे, तो व्यायामपटूंमध्ये प्रचलित असलेला एक उद्गार आहे, आणि त्याचा आशय ‘चला, हुशारीने उठा’ असा काहीसा सांगता येईल. आज्ञार्थी उद्गाराचे विशेषनाम व्हावे ही घटना भाषांत तुरळकच.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटावयाचे कारण नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे जे संघ वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजतात, त्यांतील अनेकांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी आहेत. कुस्तीच्या आखाड्याचे नाव फुटबॉलच्या संघाने चालवावे आणि त्यात कोणास काही विसंगत वाटू नये, हे मिलच्या डार्टमथचेच कोल्हापुरी रूप होय. नदी सरकली, गाव राहिले.

स्कँडिनेव्हियन नामांमध्ये दुसरा एक थर दिसतो. १९६० चा उपविजेता ऑऱ्हुस आणि १९७६ चा उपविजेता फ्रेडेरिसिया या दोन्ही डॅनिश संघांच्या नावांत ‘को-एफ-ऊ-एम’ अशी अक्षरे आहेत. ही तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेची डॅनिश आद्याक्षरे होत. आपल्याकडे तिची इंग्रजी आद्याक्षरे वाय-एम-सी-ए अशी प्रसिद्ध आहेत. १९८० मध्ये ग्रोसवालश्टाटशी अंतिम सामना खेळलेला रेक्याविकचा ‘वालुर’ हा संघही १९११ मध्ये याच संघटनेच्या आइसलंडमधील शाखेतून निघाला; मात्र त्याने नाव घेतले ते ससाण्याचे.

पूर्व यूरोपकडे वळले की नामांचा सूर पालटतो. तेथे संघ पाळणारी संस्था म्हणजे शासनाचे एखादे खाते, आणि नाव हे त्या खात्याचा गणवेश. ‘दुक्ला’ ही कार्पेथियन पर्वतातील खिंड. १९४४ च्या शरदात तेथे झालेल्या घनघोर लढाईचे स्मरण म्हणून चेकोस्लोव्हाक सैन्याच्या क्लबाने ते नाव धारण केले. बुडापेस्टचा ‘होन्वेद’ म्हणजे ‘होन’ (मायभूमी) आणि ‘वेद’ (रक्षणे) यांचा समास. सैनिकाला हंगेरियनमध्ये हाच शब्द आहे, आणि आपल्या ‘वेदा’शी त्याचा काडीचा संबंध नाही. बुखारेस्टचा ‘स्टेआवा’ हाही सैन्याचाच. या शब्दाचा अर्थ ‘तारा’. लॅटिन ‘स्टेला’पासून रुमानियन ‘स्टेआ’ झाला आणि त्याच्या शेवटी निश्चयवाचक प्रत्यय लागून ‘स्टेआवा’ असे रूप बनले. ऋग्वेदातील ‘स्तृभिः’ या रूपात जो शब्द दिसतो, त्याचाच हा पश्चिमेकडील भाऊबंद. बुखारेस्टचाच ‘दिनामो’ हा गृहखात्याचा संघ होता. मिन्स्क आणि मॉस्को येथील संघांची नावे निव्वळ आद्याक्षरी : ‘स्का’ म्हणजे सैन्याचा क्रीडाक्लब, त्यालाच ‘केंद्रीय’ हे विशेषण लागले की ‘त्सेस्का’. १९७३ चा विजेता ‘माइ’ हा मात्र मॉस्कोच्या विमानविद्या-संस्थेचा. ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टचा ‘फोरवेर्ट्स’ म्हणजे ‘पुढे चला’. हा १९७५ मध्ये जिंकला तेव्हा पूर्व जर्मनीच्या सैन्याचा होता.

१९६३ ते १९९० या अवधीतील विजेत्यांची यादी वाचताना शीतयुद्धाचा नकाशा वाचल्यासारखे वाटते, हे निरीक्षण नवे नाही. भाषाशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. जर्मन व्यायामसंस्थेचे नाव आणि पूर्वेकडील सैन्याचे नाव ही वरवर कितीही भिन्न भासली तरी त्यांची जात एक आहे. दोन्ही नामे ‘हा संघ कोणी वाढविला’ या प्रश्नाचे उत्तर देतात. ती संबंधदर्शक नामे आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांच्यात एक षष्ठी दडलेली आहे.

या दोहोंच्या मधले, आणि कदाचित सर्व यादीत अधिक विचार करावयास लावणारे, उदाहरण शाबात्सचे आहे. सर्बियातील सावा नदीकाठच्या या मध्यम गावात धातू आणि प्लॅस्टिक यांच्या वस्तू करणारा कारखाना होता. त्याचे नाव ‘मेटालोप्लास्टिका’, म्हणजे अक्षरशः ‘धातुप्लॅस्टिक’. गावातील हँडबॉल-संघाने हेच नाव लावले. व्हेसेलिन वुयोविच, मिले इसाकोविच आणि गोलरक्षक मिर्को बाशिच यांसारखे खेळाडू या संघात एकत्र आले आणि १९८४ मध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला. दोन सामन्यांअखेर बरोबरी राहिल्यामुळे निकाल सात मीटरांवरून घ्यावयाच्या फेकींवर गेला आणि ‘दुक्ला’ जिंकला. पुढील दोन्ही वर्षी, १९८५ आणि १९८६ मध्ये, विजेतेपद शाबात्सकडे आले. त्या वैभवाच्या काळात ‘मेटालोप्लास्टिका’ हा शब्द कानावर पडल्यावर यूरोपातील किती जणांच्या मनात कारखाना आला असेल? सामान्यनामाचे विशेषनाम झाले, विशेषनामाचा मूळ निर्देश पुसला गेला, आणि नाव सर्वस्वी संघाचे झाले. त्याचा पुरावा पुढच्या काळाने दिला आहे. अलीकडे शाबात्समधील ‘एलिक्सिर’ या रासायनिक उद्योगाने संघाला आश्रय दिला, तेव्हा संघ ‘मेटालोप्लास्टिका एलिक्सिर’ झाला. नव्या आश्रयदात्याचे नाव जुन्या आश्रयदात्याच्या नावाला विशेषणासारखे जोडले गेले. जुने नाव काढून टाकण्याचा विचार कोणास सुचला नाही, कारण ते आश्रयदात्याचे आहे हेच आता कोणास जाणवत नाही.

नव्वदच्या दशकात शासनाची खाती गेली आणि त्यांच्या जागी व्यापारी पेढ्या आल्या. येथून यादीची भाषा झपाट्याने बदलते. १९९२ आणि १९९३ चा विजेता ‘बादेल १८६२ झाग्रेब’. बादेल ही मद्य करणारी पेढी, आणि १८६२ हे तिच्या स्थापनेचे वर्ष. संघाच्या नावातील आकडा संघाच्या जन्माचा असावा असा अनभिज्ञ वाचकाचा सहज समज होईल; वस्तुतः हँडबॉल हा खेळच त्या साली अस्तित्वात नव्हता. १९९४ मध्ये जिंकलेल्या ‘टेका सांतांदेर’च्या नावातील ‘टेका’ ही स्वयंपाकघरातील उपकरणे करणारी कंपनी होय. १९९५ च्या ‘एल्गोरियागा बिदासोआ इरून’ या लांबलचक नावात प्रथम चॉकलेट करणारी पेढी, मग स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील नदी, आणि शेवटी गाव, अशी तीन नामे एकापाठोपाठ उभी आहेत. २००४ मध्ये जिंकलेल्या स्लोव्हेनियातील ‘त्सेल्ये पिवोवार्ना लाश्को’ या संघाच्या नावातील ‘पिवोवार्ना’ म्हणजे बिअर करण्याचा कारखाना. ‘पिवो’ म्हणजे जे प्यावयाचे ते. संस्कृत ‘पिबति’ आणि मराठी ‘पिणे’ यांच्याशी या धातूचे नाते सरळ आहे. पाम्प्लोनाचा २००१ चा विजेता ‘पोर्टलँड सान आंतोनियो’ याच्या नावात एका सिमेंटच्या कंपनीमार्गे इंग्लंडजवळचे पोर्टलँड हे बेट येऊन बसले आहे. कारण १८२४ मध्ये जोसेफ आस्प्डिन याने आपल्या सिमेंटला त्या बेटावरील दगडाशी असलेल्या साम्यावरून ते नाव दिले होते. नामांचा प्रवास हा असा असतो.

या पेढीनामांचा व्याकरणिक दर्जा काय? वरपांगी ती ‘मेटालोप्लास्टिका’च्याच जातीची दिसतात. परंतु त्यांचे वर्तन भिन्न आहे, आणि पोलंडमधील क्येल्त्से या शहराच्या संघावरून ते स्पष्ट होते. हा संघ २०१६ मध्ये प्रथमच विजेता झाला, आणि तोही अशा सामन्यात की जो विसरणे कठीण. हंगेरीच्या वेस्प्रेम संघाविरुद्ध दुसऱ्या डावाच्या मध्यास तो नऊ गोलांनी मागे होता. तेथून त्याने बरोबरी गाठली, वाढीव वेळेतही बरोबरीच राहिली, आणि अखेर फेकींवर तो जिंकला. त्या वर्षीच्या नोंदीत संघाचे नाव ‘विव्हे ताउरोन क्येल्त्से’ असे आहे : विव्हे ही एक व्यापारी कंपनी, ताउरोन ही विजेची. २०२२ मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यास आला तेव्हा ‘वोम्झा विव्हे क्येल्त्से’ होता. वोम्झा ही बिअर. २०२३ मध्ये, तोच संघ आणि तेच शिक्षक असताना, नाव ‘बार्लिनेक इंडुस्त्रिया क्येल्त्से’ झाले. बार्लिनेक ही लाकडी तक्तपोशी करणारी कंपनी. सात वर्षांत तीन अंतिम सामने आणि तीन नावे. येथे आणखी एक गंमत आहे. वोम्झा हे मुळात ईशान्य पोलंडमधील आणि बार्लिनेक हे वायव्य पोलंडमधील गावाचे नाव. म्हणजे पेढ्या गावांवरून नाव घेतात, संघ पेढ्यांवरून, आणि परिणामी एका शहराच्या संघाच्या कपाळी दुसऱ्याच गावाचे नाव येते. नामाचा मूळ निर्देश येथे पुसलेला नाही, तो दोनदा गहाण पडला आहे.

या तिन्ही नावांत स्थिर राहिलेले पद एकच, ‘क्येल्त्से’. झाग्रेबच्या संघाचेही तसेच. बादेलनंतर त्याच्या नावात बँक आली, पुढे वायूचा व्यापार करणाऱ्या कंपनीची आद्याक्षरे आली. ‘झाग्रेब’ हलले नाही. यावरून असा निष्कर्ष काढावयास हरकत नाही की, पेढीनाम हे विशेषनामाचा घटक नसून त्याला काही काळ लावलेली उपाधी आहे, आणि निर्देशाचा सगळा भार ग्रामनाम वाहते. तालमीचे नाव किंवा सैन्याचे नाव हा भार स्वतः वाहू शकते; ‘स्टेआवा’ किंवा ‘फ्रिश आउफ’ म्हटल्यावर गाव सांगावे लागत नाही. ‘टेका’ म्हटले, तर भांडी धुण्याचे कुंडही डोळ्यांपुढे येते.

मग ज्या संघाचा आश्रयच नाहीसा होतो त्याचे काय? सांतांदेरचा संघ २००८ मध्ये आणि पाम्प्लोनाचा २०१३ मध्ये विसर्जित झाला. दोन्ही यूरोपचे विजेते होते. परंतु नामशास्त्राला खरा पेच पडतो तो सिउदाद रेआलच्या प्रकरणी. ला मांचा प्रदेशातील या शहराचे नाव ‘राजनगर’ असे सांगता येईल. त्याचा संघ २००६, २००८ आणि २००९ मध्ये यूरोपचा विजेता ठरला. २०११ मध्ये तो बार्सेलोनाकडून अंतिम सामना हरला. त्याच उन्हाळ्यात द्रव्याच्या अडचणीमुळे संघ उचलून माद्रिदला नेण्यात आला आणि त्याला तेथील विख्यात फुटबॉल-क्लबाचे ‘आत्लेतिको माद्रिद’ हे नाव देण्यात आले. २०१२ च्या अंतिम सामन्यात कीलकडून हरलेला संघ याच नावाने नोंदला आहे. २०१३ मध्ये तोही बंद झाला.

आता यादीत मागे जाऊन १९८५ ची नोंद पाहावी. शाबात्सच्या पहिल्या विजयाच्या वेळी पराभूत झालेला संघ ‘आत्लेतिको माद्रिद’च होता. परंतु तो त्या फुटबॉल-क्लबाचा स्वतःचा हँडबॉल-विभाग. तो नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातच नाहीसा झाला होता. म्हणजे १९८५ आणि २०१२ या दोन ओळींत नाव एक आहे आणि संघ दोन आहेत; उलट २०११ आणि २०१२ या लगतच्या दोन ओळींत संघ एक आहे आणि नावे दोन. यादी करणाराने काय करावे? नावावर भर दिला तर माद्रिदच्या खात्यावर दोन उपविजेतेपदे पडतात आणि सिउदाद रेआलचा संघ २०११ मध्ये मेला असे होते. देहावर भर दिला तर १९८५ चा आत्लेतिको निराळा काढावा लागतो आणि २०१२ चा आत्लेतिको हा सिउदाद रेआलच्या विजेतेपदांचा वारस ठरतो. सिउदाद रेआलच्या रहिवाशाला या दुसऱ्या मांडणीने समाधान होईल असे वाटत नाही. त्याच्या गावाचे नाव त्या संघातून गेले तेव्हाच त्याचा संघ गेला. हा केवळ याद्या करणाऱ्यांचा बारीक प्रश्न नव्हे. तीन विजेतेपदे कोणाची, हा प्रश्न एका गावाच्या आठवणीचा आहे, आणि नामाखेरीज ती ठेवावयास त्या गावाजवळ दुसरे साधन नाही.

हांबुर्गचे उदाहरण याच्या उलट बाजूचे. २०१३ चा विजेता ‘हा-एस-फाउ’ हांबुर्ग हा संघ २००२ मध्ये ल्युबेकच्या बाजूच्या एका क्लबाचा खेळण्याचा परवाना हांबुर्गात आणून उभारला होता, आणि ती तीन अक्षरे त्याने तेथील फुटबॉल-क्लबाकडून घेतली होती. मूळ अक्षरांचा विस्तार ‘हांबुर्गचा क्रीडासंघ’ असा. दिवाळखोरीमुळे जानेवारी २०१६ मध्ये हा संघ जर्मनीच्या प्रथम श्रेणीतून भर हंगामात बाहेर पडला. त्यानंतर खालच्या श्रेणीतून पुन्हा वर आलेल्या संघाचे नाव ‘हांडबाल श्पोर्ट फेराइन हांबुर्ग’ असे झाले. आद्याक्षरे पाहिली तर तीन तीच, शेवटी एक ‘हा’ जादा. पण पहिल्या अक्षराचा विस्तार शहरावरून खेळावर गेला. आद्याक्षरी नामांत विस्तार हा अर्थ नसून व्युत्पत्ती असते, आणि व्युत्पत्ती सोयीप्रमाणे नव्याने रचता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

नामावरील मालकीचा प्रश्न न्यायालयात गेल्याचेही उदाहरण आहे, मात्र ते फुटबॉलमधले. बुखारेस्टच्या ‘स्टेआवा’ या नावावर सैन्याने हक्क सांगितला. २०१४ मध्ये निकाल सैन्याच्या बाजूने लागला आणि त्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल-संघाला २०१७ पासून केवळ चार आद्याक्षरांवर भागवावे लागले. हँडबॉल-संघ सैन्याकडेच राहिला होता, म्हणून १९६८ आणि १९७७ ची त्याची विजेतेपदे तारा सांभाळून आहेत. याच्या शेजारी लायप्सिगचे उदाहरण ठेवून पाहावे. १९६६ मध्ये होन्वेदचा पराभव करून जिंकलेल्या त्या संघाचे ‘डे-हा-एफ-का’ हे नाव म्हणजे लायप्सिग येथील शारीरिक शिक्षणाच्या उच्च विद्यालयाची आद्याक्षरे. हे विद्यालय १९५० मध्ये स्थापन झाले आणि जर्मनीच्या एकीकरणाच्या वेळी, १९९० मध्ये, बंद करण्यात आले. विद्यालय नाही, पण त्याची अक्षरे मिरविणारा संघ २०१५ मध्ये जर्मनीच्या प्रथम श्रेणीत चढला. नाव टिकविण्यास कोणी पैसा दिला नाही, कोणी हक्कही सांगितला नाही. आणि बहुधा म्हणूनच ते टिकले.

बार्सेलोनाचे नाव या धामधुमीतून बव्हंशी अलिप्त राहिले आहे. सभासदांच्या मालकीच्या या क्लबाने १९९१ पासून २०२४ पर्यंत बारा वेळा विजेतेपद मिळविले; त्यांतील पाच १९९६ ते २००० अशी लागोपाठची. क्लबाच्या मूळ नावात गाव आणि ‘फुटबॉल क्लब’ एवढेच. हँडबॉलचा सर्वाधिक यशस्वी संघ नावाने फुटबॉलचा आहे.

स्पर्धेच्या स्वतःच्या नावाविषयी दोन शब्द सांगणे येथे अस्थानी होणार नाही. ‘चँपियन्स लीग’ या पदबंधातील दोन्ही शब्द आता शब्दशः खरे राहिलेले नाहीत. एकाच देशातून एकाहून अधिक संघ घेतले जातात, त्यामुळे सर्व सहभागी आपापल्या देशांचे विजेते नसतात. २००७, २०१४ आणि २०२५ च्या अंतिम सामन्यांत दोन्ही संघ जर्मनच होते. साखळी गटांपुरती असते. निकाल बाद फेरीत लागतो. शिवाय या नावाला २०१० ते २०२० या काळात ‘वेलुक्स’ ही छपराच्या खिडक्या करणाऱ्या डॅनिश कंपनीची उपाधी लागली होती. तो शब्दही ‘व्हेंटिलेशन’चा आरंभ आणि लॅटिन ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश यांच्या जोडणीतून बनविलेला आहे. कंपनी गेली, उपाधी गेली, स्पर्धेचे नाव राहिले. क्येल्त्सेचाच न्याय येथेही लागू पडतो.

२०२५ च्या अंतिम सामन्यात माग्डेबुर्गने बर्लिनच्या संघाला ३२–२६ असे हरविले. माग्डेबुर्गचे नाव ‘क्रीडाक्लब’ आणि गाव एवढ्यावर थांबते. १९७८ आणि १९८१ मध्ये पूर्व जर्मन शासनाच्या छत्राखाली त्याने याच नावाने विजेतेपद मिळविले, आणि २००२, २०२३ व २०२५ मध्ये एकीकृत जर्मनीत याच नावाने. बर्लिनचा संघ ‘फ्युक्से’ म्हणजे ‘कोल्हे’. हा संघ मूळचा रायनिकेनडोर्फ या उपनगरातला. त्या गावाचे नाव कोणा एका रायनिकेवरून, म्हणजे माणसावरून, पडले. परंतु जर्मन लोककथेतील धूर्त कोल्ह्याचे नावही रायनेके. दोन नावांच्या नादसाम्यामुळे कोल्हा प्रथम वस्तीच्या मुद्राचिन्हात शिरला, तेथून संघाच्या नावात, आणि लोकव्युत्पत्तीने जन्मास घातलेला तो प्राणी कोलोनच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचला.